आधी प्रश्न, मग माळ

माझ्या घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. मी अंगणात बॅग ठेवून नमस्कार करतो न करतो तोच ते पुढे आले, अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली, डोळ्याच्या पांढऱ्यात नीट पाहिलं आणि म्हणाले, "डोळे तर साफ आहेत. संडास कोनत्या रंगाची होते?"

मी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त-लघवी तपासायला नव्यानं आलो होतो. असले प्रश्न लोकांना विचारणं हे माझं काम. ते मला कुणी विचारावेत, तेही भर अंगणात, शेजारची बाई धान पाखडत बसलेली असताना, याची मला सवय नव्हती. मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं सांगा ना. त्यात काय लाजा लागते?"

मी मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या बाईनं सूप थांबवून समाधानानं मान डोलावली. खोली मला मिळाली.

त्यांचं नाव इथे सांगत नाही. गावात तरी कोण घेत होतं? सगळे त्यांना कंडक्टरभाऊ म्हणत, तसं पुढे मला रक्तवाले म्हणू लागले. आलापल्ली ते भामरागड या रस्त्यावर लाल गाडीत त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त होऊनही खाकी शर्टाला रोज इस्त्री, गळ्यात शिटी आणि बोलण्यात तीच जरब. एखाद्या वस्तूवर त्यांनी दोनदा टकटक केलं की तो विषय संपला, गाडी पुढे निघाली, असं समजायचं. मी जेवताना रेंगाळलो तर माझ्या ताटावर टकटक होई. एकदा रविवारी विहारात पाहुण्या वक्त्याचं भाषण लांबलं. भाऊंनी खांबावर दोनदा टकटक केलं आणि वक्ते खरंच खाली बसले.

या माणसाला एकच वेड होतं, स्वादुपिंडाच्या कॅन्सरची लक्षणं लोकांना समजावून सांगायचं. आमच्या भागात माणसाला मरायला कारणं थोडी नाहीत. मलेरिया आहे, साप आहे, सिकलसेल आहे. आमच्या केंद्राच्या डॉक्टर मॅडम त्यांना एकदा म्हणाल्या, "भाऊ, एवढं फिरताच आहात, तर मच्छरदाणीबद्दल सांगा ना."

"मच्छरदानीचं सांगाले तुम्ही एवढे जन आहा. याचं सांगाले कोन आहे?"

मॅडम नंतर मला म्हणाल्या, माणूस त्रास देतो, पण चुकीचं बोलत नाही.

आठवडी बाजारात मिरच्यांच्या ढिगाजवळ ते शिटी मारून माणसं गोळा करत. हातात तक्ता नाही, चित्र नाही. थेट प्रश्न.

"काऊन रे, पर्लकोटेच्या पुलावर पानी चढलं का भामरागडची गाडी कुठी थांबते?"

"हेमलकशाले!" लोक ओरडत. हे तर प्रत्येकाचं सोसून झालेलं.

"मंग गाडी काय करते?"

"वापस येते!"

"बराबर. आता आयका. तुमचं लिवर म्हनजे आलापल्लीचा डेपो. तिथून पिवळ्या रंगाचे डबे घेऊन गाडी निघते, भामरागडले जाते. भामरागड म्हनजे तुमची आतडी. आता रस्ता बंद झाला. डबे वापस. डेपोत जागा नाई, तर रंग आलापल्लीच्या गल्लीगल्लीत सांडते. म्हनून डोळे पिवळे, अंग पिवळं, अंगाले खाज. अन तिकडे भामरागडले रंगच नाई पोचला. म्हनून संडास कशी?"

"पांढरी!" बाजार एका सुरात ओरडे.

"आता रस्त्यात दगड पडला असंन तर दगड. दगड हटवता येते. पन रस्त्याले खेटून स्वादुपिंड आहे, त्याच्यातलंच झाड वाढून आडवं पडलं असंन तर? कापा लागते का नाई? अन वेळेवर नाई कापलं तर जंगल होते. घरी बसून कसं समजंन दगड आहे का झाड? जाऊन पाहा लागते का नाई?"

रस्त्यावर आडवं पडलेलं झाड म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. मी शिकलेला माणूस, पण मला पित्ताचा मार्ग त्या बाजारात पहिल्यांदा नीट समजला.

पुढे त्यांना वाटलं, अवयव हातात दाखवता आला पाहिजे. त्यांनी गावातल्या सुताराकडून सागवानी स्वादुपिंड करून घेतलं. वीतभर लांब, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळतं. सुतारानं त्याला इतकं गुळगुळीत घासलं होतं की हातातून खाली ठेववत नसे. ते पिशवीत घालून भाऊ निघाले, आणि जंगल खात्याच्या नाक्यावर धरले गेले.

"सागवान आहे," नाकेदार म्हणाला. "पास कुठी आहे?"

"हे सागवान नाई. स्वादुपिंड आहे."

"कोनतंही पिंड असू द्या. लाकूड सागाचं आहे ना?"

पंचनामा सुरू झाला. नग एक. जात साग. आकार या रकान्यापाशी नाकेदाराचा पेन अडला. भाऊंनी त्याला मदत म्हणून आकार समजावायला घेतला, आकारावरून काम, कामावरून रस्ता, रस्त्यावरून डेपो. नाक्यावर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर उतरून ऐकायला आले. शेवटी नाकेदारानं पेन खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "माह्या सासऱ्याले महिनाभरापासून लय खाज आहे. डोळे पिवळे आहेत. दुखत बिखत काहीच नाई."

दुखत नाही म्हटलं की माणसं खूश होतात. ते ऐकून तोंड पडणारा जिल्ह्यातला एकच माणूस मला माहीत आहे, कारण दगड बहुधा दुखतो, झाड सुरुवातीला दुखत नाही. भाऊंनी त्या सासऱ्याला दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात नेलं. दगड निघाला, म्हणजे पित्ताचा खडा. निघाला, काढला, सासरा बरा झाला. नाकेदारानं उपकार फेडायचे म्हणून त्या सागवानी अवयवावर लाकडांवर मारतात तो खात्याचा हातोडा मारून दिला. तेव्हापासून भाऊ तो शिक्का सगळ्यांना दाखवत. "सरकारमान्य आहे," म्हणत.

त्यांचं खरं ठाणं मात्र नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, माळवाल्या बाईच्या अंगणात होतं. बाई सत्तरीची, काटक, तोंडात तंबाखूच्या पानाचा चुट्टा. रविवारी आणि बुधवारी ती काविळीची माळ बांधून द्यायची. कुठल्याशा वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवायचे, आणि ते कडं रोग्याच्या डोक्यावर ठेवायचं. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, माळ दिवसादिवसानं वाढत खाली येते. डोक्यावरून गळ्यात उतरली की कावीळ उतरली. साधी कावीळ तेवढ्या दिवसांत बहुधा आपोआपच उतरते, त्यामुळे बाईचा लौकिक तेलंगणापर्यंत होता.

त्याच अंगणात, तिच्या खाटेशेजारी, भाऊ स्टूल टाकून बसत. दोघांचा करार होता, आधी प्रश्न, मग माळ. प्रश्न चार. दुखते का? खाजते का? कपडे ढिले झाले का? आणि चौथा तुम्हाला माहीत आहे. उत्तरं साध्या काविळीची वाटली तर रोगी माळ घालून माझ्याकडे रक्ताला. भलती वाटली तर माळ घालून सरळ गाडीत, जिल्ह्याच्या दवाखान्यात.

"भाऊ, माळ काढून पाठवा ना," मी एकदा म्हणालो.

"काऊन? माळ घालून सोनोग्राफी होते. मी विचारून आलो."

मला वाटे, हा विज्ञानाचा माणूस, आणि असल्या अंगणात बसतो कसा? बाई त्यांना दिवसभर टोमणे मारी, ते तिला तंबाखूवरून झापत. "चुट्टा फेक, बाई, त्यानंही हाच रोग होते." "तू शिटी फेक, मंग मी फेकतो." असं चाले. एकदा मी विचारलंच. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं.

त्यांची बायको काविळीनं पिवळी झाली तेव्हा ते नोकरीत होते. त्यांच्याच गाडीतून ती दर बुधवारी माळवाल्या बाईकडे जायची. पुढच्या सीटवर बसायची. नियम म्हणजे नियम, म्हणून ते तिचं तिकीट फाडायचे, आणि टोल्याच्या फाट्यावर घंटी मारून तिला उतरवायचे. माळ गळ्यात आली, पोटावर आली, डोळे पिवळेच राहिले. दुसरी माळ झाली. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो दवाखाना कुठी आहे माहीत आहे ना तुम्हाले?" भाऊ म्हणाले. "त्याच रस्त्यावर. फाट्याच्या चार स्टॉप पुढे. मी हप्त्याच्या हप्त्याले तिले चार स्टॉप आधी उतरवलं, रक्तवाले. माळेनं काहीच नाई केलं. घंटी मी मारली."

त्यांनी खाटेच्या लाकडावर दोनदा टकटक केलं आणि उठून गेले.

पोळा होऊन गेल्यानंतरच्या एका बुधवारी मी नमुने गोळा करायला टोल्यावर गेलो होतो. बाई गाठी मारता मारता सारखी दाराच्या चौकटीला पाठ घासत होती. भाऊंचं बोलणं मध्येच थांबलं. ते उठून तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, इकडे पाह्य."

बाईनं पदर कपाळावर ओढला. "माह्याकडे काय पाह्यतं, लाईनकडे पाह्य."

"दुखते का?"

"नाई."

भाऊंचा चेहरा उतरला. "खाजते का?"

"डास आहेत."

"लुगडं ढिलं झालं का?"

"लुगडं लुगड्यासारखं आहे."

"संडास..."

"कंडक्टर, आता उठीन अन मारीन."

त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं टोल्यावर गेलो. बाई मागच्या पडवीत एकटी बसली होती. पदर सरकला आणि डोक्यावरची माळ दिसली. तिनं स्वतःच बांधून घातली होती, आठ दिवस झाले होते, आणि माळ होती तिथेच होती. उजेडात तिचे डोळे पिकलेल्या मोहासारखे पिवळे दिसत होते.

"सोताच्या हातची माळ सोताले लागत नाई, हे मले मालूम आहे," ती म्हणाली. "पन बांधन कोन? या मुलखात दुसऱ्या कोनाले येते?"

"माळ राहू दे. दवाखान्यात चाल."

"वा रे! अन लोकं काय म्हनन? माळवाली आपल्या माळेले सोडून पळाली? एवढी उमर मी लोकाईच्या डोक्यावर हात ठेवला, कंडक्टर. माळ उतरू दे, मंग येतो. जबान देतो तुले."

भाऊंनी आर्जव केलं, आवाज चढवला, हात जोडले. मी रक्ताचं सांगितलं, मॅडमचं नाव घेतलं. बाई हलेना. ती अडाणी नव्हती. ती माळेवर दिलेल्या शब्दाला बांधलेली होती आणि तो सोडायला तयार नव्हती. आणि इकडे प्रत्येक दिवस वाया जात होता, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात होतं.

"मी बांधतो," भाऊ एकदम म्हणाले.

बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. कारण माळ बांधायचे नियम होते. बांधणाऱ्यानं उजाडल्यापासून उपाशी राहायचं. आणि पहिल्या गाठीच्या आधीपासून, घालणारा स्वतःच्या तोंडानं 'उतरली' म्हणेपर्यंत, एक शब्द बोलायचा नाही. माळ उतरायला पंधरा दिवस लागोत की महिना.

"तू? तू चूप राह्यशीन?"

"राह्यतो."

रविवारी टोल्यावर जत्रा लोटली. माळ पाहायला कुणी आलं नव्हतं, कंडक्टरभाऊ गप्प बसलेले पाहायला सगळे आले होते. फाट्यावर गाडी थांबवून ड्रायव्हर उतरला आणि खात्री करून गेला. कुणी मुद्दाम त्यांच्यासमोर म्हणे, "लिवर म्हनजे भामरागड ना, भाऊ?" त्यांच्या मानेच्या शिरा फुगत, पण ओठ मिटलेले. चार प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. चौथ्या प्रश्नाला माझा आवाज इतका खाली जाई की रोगी मलाच धीर देत.

भाऊ खाली मान घालून काड्या ओवत होते. दुपार कलली तेव्हा माळ झाली. त्यांनी उठून ती बाईच्या डोक्यावर ठेवली.

ती डोक्यावर थांबलीच नाही. कानांवरून घसरली, गळ्यात आली, खांद्यावर क्षणभर अडकली, तिथूनही सुटली, आणि बाई उभी राहिली तशी कमरेवरून सरळ पायांपाशी जाऊन पडली.

बाईनं खाली वाकून माळ उचलली, एक गाठ बोटांत धरून पाहिली, दुसरी पाहिली. "टपावरच्या पार्सलाच्या दोऱ्या आवळण्यात तुही जिंदगी गेली," ती म्हणाली. "अन ह्या गाठी आहेत?"

भाऊ बोलू शकत नव्हते. ते नुसते तिच्याकडे पाहत उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही. बाईनं अंगणातल्या सगळ्या माणसांवरून नजर फिरवली. गाठी सैल का होत्या ते तिला समजलं होतं, हे मला दिसत होतं. ती माळ फेकून देईल आणि आत निघून जाईल, असं मला वाटलं.

"उतरली," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली, "उतरली. चाल आता, जबान देली होती तुले."

सकाळपासून कोंडलेला तो आवाज जो फुटला, त्यानं झाडावरचे बगळे उडाले. "बाजूले व्हा! गाडी थांबवा! पुढची सीट रिकामी करा! रक्तवाले, कागदं घ्या!"

त्या दिवशी फाट्यापासून पुढे भाऊ सारा वेळ तिच्या सीटला धरून उभे होते. तालुक्याहून गडचिरोली, तिथून नागपूर. झाडच निघालं. पण डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की अजून कापण्यासारखं आहे. सकाळी ऑपरेशनला आत नेलेली बाई संध्याकाळी बाहेर आली. दिवाळीनंतर ती टोल्यावर परतली, अर्धी झालेली, चुट्ट्याशिवाय, दर महिन्याच्या तपासणीचं कार्ड पदरात बांधून. पुढे काय, याचं वचन डॉक्टरांनी दिलं नव्हतं. आम्हीही मागितलं नाही.

तिनं पुन्हा खाट टाकली. आता चार प्रश्न तीच विचारू लागली, आणि तिच्यापुढे खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. भाऊ स्टुलावर बेकार. एका बुधवारी लाईन लागायच्या आधी ती सहज बोलावं तसं म्हणाली, "कंडक्टर, तुह्या बाईनं मले सांगतलं होतं. पांढरी होते म्हनून. मले का मालूम त्याचा मतलब? मी म्हनलं, गरमी असंन, ताक पी."

भाऊ स्टुलावरून अर्धवट उठले आणि परत बसले.

"मले नाई सांगतलं तिनं," ते म्हणाले.

"नवऱ्याले कोन सांगते असं?"

लाईन लागली तेव्हा पहिलं एक जोडपं होतं. बायको पिवळसर, नवरा मागे उभा, नजर जंगलाकडे. बाई विचारणार तोच भाऊंनी तिला हातानं थांबवलं. ते त्या नवऱ्याला म्हणाले, "आम्ही नाई विचारत. तू विचार. आपल्या बाईले, आपल्या तोंडानं."

तो गडी इतका लाजला की त्याचेही डोळे तपासावे असं मला वाटलं. पण त्यानं विचारलं. तिनं पदर तोंडात धरून त्याच्या कानात सांगितलं. तेव्हापासून त्या अंगणाचा हाच नियम झाला. नवऱ्यांनी बायकांना विचारायचं, बायकांनी नवऱ्यांना, सुनांनी सासूंना. हसून हसून पुरेवाट व्हायची, आणि हसता हसता लोक खरं सांगायचे.

त्याच संध्याकाळी मी ब्रह्मपुरीला, आमच्या घरी, बायकोला फोन लावला आणि विचारलं.

"डोकं फिरलं का तुमचं?" ती म्हणाली आणि खूप वेळ हसली. मी फोन धरून थांबलो. मग तिचं हसणं कमी होत गेलं. "थांबा," ती म्हणाली, "दार लोटून येतो."

रंग ठीक होता. पण कंबर दोन वर्षांपासून दुखत होती, जिना चढताना धाप लागत होती, आणि असं बरंच काही होतं. ती अर्धा तास बोलत होती. दिवसभर परक्या माणसांचं रक्त तपासणाऱ्या मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि त्याची मला फार लाज वाटली.